गलक्याची भाजी डब्यातून गळते तेव्हा

"काकू, आज परत पिशवी ओली झाली."

एप्रिल लागला की दर आठवड्याला हे ऐकावं लागायचं. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते आणि घरून डबे देते. सध्या बावीस डबे आहेत. बहुतेक विद्यापीठात शिकायला आलेली मुलं-मुली, त्यातली बरीचशी जळगाव-धुळ्याकडची. हिवाळ्यात कुणाची तक्रार नसते. फ्लॉवर, मटार, मेथी, सगळं वाटीत जागच्या जागी राहतं. उन्हाळ्यात बाजारात गलकी, दोडकी, दुधी, काकड्या यांचे ढीग लागले की डब्याच्या वाटीत खाली बोटभर पिवळट पाणी, वर मऊ लगदा. चव एक तर खारट, नाहीतर नुसती उकडल्यासारखी.

आधी नावाचा घोळ मिटवते, कारण आमच्याकडे एकाच भाजीला तीन नावं आहेत. माझ्या माहेरी, साताऱ्याला, घोसाळं. जळगावच्या मुली गिलकं म्हणतात. इथली भाजीवाली गलकां म्हणते, आणि इतकी वर्षं इथे राहून माझ्याही तोंडात गलकंच बसलं आहे. दोडका म्हणजे इथलं तुरियां, कोकणातलं शिराळं. या दोन्ही भाज्यांचं दुखणं एकच, म्हणून खाली गलक्याबद्दल जे लिहिते ते दोडक्यालाही लागू धरा.

दोन उन्हाळे मी भाजीलाच दोष दिला. "यंदा भाजीत पाणीच फार," असं म्हणायचं आणि वरून बेसन भुरभुरायचं. बेसनाच्या गुठळ्या व्हायच्या, कच्चट वास यायचा, आणि दुपारपर्यंत पाणी पुन्हा खाली जमलेलं. तिसऱ्या वर्षी वजनकाटा काढला आणि भाजी चिरल्यापासून उतरवेपर्यंत वजन करत गेले. तेव्हा कुठे उलगडा झाला.

पाणी येतं कुठून

गलकं, दोडका, दुधी, काकडी या सगळ्यांत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. म्हणजे अर्धा किलो गलक्यात पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास पाणी. भाजीला "पाणी सुटतं" ते बाहेरून येत नाही. ते पेशींमध्ये कोंडलेलं असतं आणि आपण त्याची दारं उघडतो. मीठ घातलं की बाहेरचा खारटपणा वाढतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. उष्णता लागली की पेशींचे पडदेच फाटतात, मग मीठ असो वा नसो.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "मीठ शेवटी घाल, म्हणजे पाणी सुटणार नाही" हा सल्ला मला किमान दहा जणींनी दिला. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. मी एकाच गलक्याचे दोन भाग केले, एका भागाला सुरुवातीला मीठ घातलं, दुसऱ्याला घातलंच नाही. मिठाच्या भागाला दोन-तीन मिनिटांत पाणी आलं, बिनमिठाच्याला सहा-सात मिनिटांत. पण दोन्हींना आलंच. मीठ उशिरा घालून वेळ मिळतो, आणि त्या वेळात आपण काय करतो यावर सगळं ठरतं.

कारण बाहेर आलेलं पाणी भाजीतून जायला एकच वाट आहे, वाफ होऊन वर. ती वाट मोकळी असली तर भाजी परतली जाते. अडली तर भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. माझ्या स्वयंपाकघरात ती दोन ठिकाणी अडत होती.

ताटावरचं पाणी

आमच्या सासूबाई कुठलीही भाजी टाकली की कढईवर ताट ठेवायच्या आणि त्या ताटात पेलाभर पाणी. लग्न होऊन आले तेव्हा मी ते बघून शिकले, आणि आजही ती पद्धत मला फार हुशारीची वाटते. खालून वाफ वर जाते, ताट वरच्या पाण्याने गार राहिलेलं असतं, वाफ ताटाच्या बुडाला लागून थेंब होते आणि पुन्हा भाजीत पडते. भाजी खाली लागत नाही, वरून पाणी घालावं लागत नाही, तेल कमी लागतं. गवार, तोंडली, फ्लॉवर, श्रावणघेवडा यांना ही पद्धत उत्तमच. त्यांना शिजायला वेळ लागतो आणि वाफ कोंडूनच त्या शिजतात.

पण गलकं सात-आठ मिनिटांत मऊ होतं. त्याला शिजायला मदत नको, त्याचं पाणी जायला वाट हवी. आणि आपण वर गार ताट ठेवून तीच बंद करतो. एकदा ताट ठेवून पाच मिनिटांनी मी ते सरळ न उचलता एका वाटीवर तिरकं धरलं. बुडाला दाटीने लागलेले थेंब एकमेकांत मिसळून कडेशी धावले आणि वाटीत ओघळले. दोन पोह्याचे चमचे भरून पाणी निघालं, तेही पाच मिनिटांचं, घरच्या लहान कढईचं. एरवी ते सगळं भाजीत परत गेलं असतं.

सासूबाईंना मी हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, घोसाळ्यावर मी कधी ताट ठेवलं? तू कधी बघितलंस?" आणि खरंच, त्यांची घोसाळ्याची भाजी कोरडी व्हायची. मी इतर भाज्यांवरून उचललेली सवय सगळ्यांना लावत बसले होते.

भांड्याची खोली

दुसरी अडचण डबे वाढल्यावर आली. घरच्या चौघांसाठी अर्धा किलोची भाजी बरी जमायची. तीच भाजी डब्यांसाठी तीन किलोची केली की सार व्हायचं. मी त्याच प्रमाणात तेल वाढवलं, फोडणी वाढवली, वेळही वाढवला. पण भाजी सहापट झाली तरी कढईचं तोंड सहापट होत नाही. चार इंच खोल थर असला की खालचा भाग उकळतो, मधला वाफवतो, वरचा कच्चाच राहतो, आणि पाणी तळाशी साचतं.

त्यात पाणी आटवायला किती आच लागते याचा अंदाज आपल्याला नसतो. घरातलं साधं पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तेच पाणी पूर्ण वाफ करून घालवायला त्याच्या सात-आठपट लागते. म्हणूनच भाजी पाच मिनिटांत खदखदायला लागते आणि पुढे अर्धा तास झाला तरी पाणी हलत नाही. तेवढ्या वेळात भाजीचा लगदा होतो. शेगडी तीच, तिची ताकद ठरलेली. अशा वेळी भाजी थोडी-थोडी करून टाकणं हाच उपाय.

आता मी तीन किलोची भाजी दोन लंगड्यांमध्ये, म्हणजे पसरट, उथळ भांड्यांमध्ये, दोन शेगड्यांवर, दोन-दोन वेळा करते. म्हणजे एका वेळी पाऊण किलो. थर जास्तीत जास्त दोन बोटं. एकूण वेळ आधीपेक्षा कमीच लागतो, कारण प्रत्येक घाणा दहा-बारा मिनिटांत उतरतो. लंगडी नसेल तर मोठा लोखंडी तवा किंवा पसरट पातेलं चालेल. खोल, अरुंद कढई मात्र या भाजीला नको.

मी आता भाजी कशी करते

अर्धा किलोचं सांगते. गलकी धुऊन आधी कोरडी पुसा. उन्हाळ्यात भाजीवाल्या माल ताजा दिसावा म्हणून पाणी मारत असतात, ओल्या गोणपाटाखाली ठेवतात, त्यामुळे सालीलाही ओल असते. साल हलक्या हाताने काढा, बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करा. पातळ चिरलं की लगदा ठरलेलाच. कडूपणा तपासायला प्रत्येक गलक्याचा तुकडा जिभेवर ठेवा. एखादं कडू निघालं तर ते फेका, बाकीच्यात मिसळू नका. दुधीच्या बाबतीत तर हे अगदी कटाक्षाने करा. कडू दुधी शिजवूनही खाऊ नये. २०१० मध्ये दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या समितीनेही कडू रस पिऊ नये असंच सांगितलं. काकडी-दुधीच्या कुळातल्या भाज्यांमध्ये कडूपणा आणणारी जी द्रव्यं असतात ती शिजवल्याने जात नाहीत.

लंगडी चांगली तापवा. दीड मोठा चमचा तेल, मोहरी, जिरं, हिंग, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या, पाव चमचा हळद. लसूण गुलाबी झाला की चकत्या टाका, पसरवा, आच मोठी ठेवा, आणि मग दोन मिनिटं हात लावू नका. हे सगळ्यांत कठीण आहे, कारण आपला हात आपोआप उलथन्याकडे जातो. पण सतत हलवलं की चकत्या तुटतात आणि पाणी लवकर सुटतं. खालची बाजू सोनेरी डागाळली की एकदा उलटा. झाकण ठेवायचं नाही.

आता कान लावा. सुरुवातीला चर्र असा कोरडा आवाज येईल. तीन-चार मिनिटांनी तो बदलून खदखद ऐकू येईल, म्हणजे पाणी सुटलं. इथे घाबरून आच कमी करू नका, उलट मोठीच ठेवा आणि भाजी कडेला सारून मध्ये जागा करा, म्हणजे पाणी थेट तापल्या पत्र्यावर पडेल. आणखी तीन-चार मिनिटांत आवाज परत चुरचुर असा होतो आणि तेल कडेला चमकायला लागतं. मी आता भाजीकडे बघतही नाही, पोळ्या लाटता लाटता आवाजावरून ओळखते. चुरचुर सुरू झालं की मीठ घाला, एकदा हलवा, मिनिटभर ठेवा, मूठभर दाण्याचं जाडसर कूट आणि कोथिंबीर घालून उतरवा. उरलीसुरली ओल कूट पिऊन घेतं.

मिठाचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण खारटपणाची तक्रार त्यातूनच येते. अर्धा किलो गलकं सोलून, देठ काढून माझ्याकडे ४३० ग्रॅम भरलं. भाजी झाल्यावर काट्यावर ठेवलं तर २६० ग्रॅम. कच्च्या ढिगाकडे बघून हात आपोआप चहाचा चमचाभर मीठ घेतो. तेवढं मीठ निम्म्याहून थोड्याच जास्त उरलेल्या भाजीत उतरतं, आणि पोळीबरोबर खाताना जीभ खारवते. आता मी अर्धा किलोला सपाट अर्धा चमचा बारीक मीठ घालते, तेही भाजी बसल्यावर. एकदा तीन किलोच्या भाजीला मी सवयीने आधीच मीठ घातलं आणि बावीस डब्यांतल्या अठरा वाट्या तशाच परत आल्या. तो दिवस मी विसरत नाही.

मीठ जास्त झालंच तर उकडलेला बटाटा मीठ "ओढून घेतो" असं सांगतात. बटाटा मीठ ओढत नाही, भाजीचं प्रमाण वाढवून खारटपणा विभागतो. म्हणून बटाटा घालून काढून टाकू नका, भाजीतच राहू द्या. किंवा शिजलेली मुगाची डाळ घाला.

परतायला वेळ नसेल तेव्हा

पाणी घालवायचं नसेल तर त्याला कामाला लावा. दोडक्यात भिजवलेली मुगाची डाळ घालतात ती चवीसाठी तर खरीच, पण डाळ शिजायला पाणी लागतं आणि ते ती दोडक्याकडूनच घेते. अर्धा किलोला पाव वाटी डाळ अर्धा तास भिजवून, पूर्ण निथळून घ्या. फोडणीत आधी डाळ परता, मग दोडका घाला. इथे झाकण चालतं, ताटावर पाणी नको. डाळ बोटाने दाबल्यावर तुटली पण दाणा शाबूत राहिला की उतरवा. ही भाजी डब्यात सगळ्यांत भरवशाची, आणि डबा उघडताना मुलींनाही आवडते.

बेसन वापरायचं तर आधी कोरडं भाजून खमंग वास आल्यावर. एक मोठा चमचा पुरतो. भाजी खदखदत असताना चिमटीने पेरा, पाणी गार झाल्यावर नाही.

आणि भाजीला पाणी सुटून ती मऊही झाली असेल, तर ती तशीच आटवत बसू नका. चाळणीवर निथळा. खालचं पाणी वेगळ्या लहान तव्यावर मोठ्या आचेने घट्ट होईपर्यंत आटवा आणि परत भाजीत घाला. चव वाया जात नाही, चकत्याही वाचतात. तेवढाही वेळ नसेल तर ते पाणी आमटीत किंवा थालीपिठाच्या भाजणीत जाऊ द्या.

दोडक्याच्या शिरा टाकून देऊ नका, हे या विषयात बसत नाही तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. थोड्या तेलात कुरकुरीत परतून, तीळ, सुकी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटा. आमच्या घरात ही चटणी भाजीच्या आधी संपते.

कोशिंबीर आणि भेंडी

काकडीच्या कोशिंबिरीचं दुखणं तेच, फक्त उष्णता नाही, त्यामुळे इथे सगळा खेळ मिठाचाच आहे. काकडी चोचवून त्याला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, दोन्ही तळव्यांत दाबून पिळा, मग दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची-जिऱ्याची तुपातली फोडणी, लिंबू. मीठ आधीच लागलंय हे लक्षात ठेवून पुन्हा घालू नका. पिळलेलं पाणी ताकात घाला, उन्हाळ्यात फार छान लागतं. डब्यात मी कोशिंबिरीचं कूट वेगळ्या पुडीत देते आणि मुलं जेवायच्या वेळी मिसळतात. दह्यातली कोशिंबीर डब्यात देणं मी बंदच केलं.

भेंडीची तक्रार पाण्याची नाही, चिकटपणाची. तो चिकट रस पाण्यात विरघळून तारा धरतो, म्हणून भेंडी अख्खी धुवा, कापडावर पसरून पूर्ण वाळवा, मगच चिरा. सुरीही कोरडी. दोन आमसुलं किंवा लिंबू घातलं की तारा कमी होतात. मीठ शेवटी. झाकण नाही.

भाजी घेताना

मी सकाळी खंडेराव मार्केटला जाते. सयाजीरावांनी दत्तक पित्याच्या, खंडेरावांच्या, नावाने १९०६ साली बांधलेली ती इमारत मला अजूनही बाहेरून राजवाड्यासारखीच वाटते. तिथली माझी नेहमीची भाजीवाली "एकदम कूणां छे, बेन" म्हणत गलकी पुढे करते. कूणां म्हणजे कोवळी. तिच्यावर माझा विश्वास आहे, तरी मी तपासते. वीतभर लांबीचं, दोन बोटं जाडीचं, हाताला जड लागणारं गलकं घ्या. नख सहज रुतलं पाहिजे. मोठं आणि वजनाला हलकं गलकं आतून जून असतं, त्याचं पुढे वाळून घासायचं साधनच होतं. जून गलक्याचे दोरे दातात येतात. मोठ्या आचेने त्यावर काही उपाय होत नाही.

घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, पण फार दिवस नको. काकडीला १० अंशांच्या खालची थंडी सोसत नाही. तीन-चार दिवसांत सालीवर खड्डे पडतात, आत काचेसारखे ओलसर डाग दिसतात, आणि तशी काकडी मीठ लागताच ढासळते. गलकी-दोडकीही थंडीला तशीच नाजूक. कापडात गुंडाळून सगळ्यांत खालच्या कप्प्यात, दोन दिवसांपुरतीच ठेवा.

डबा भरताना

हे सगळं जमलं तरी माझ्या पिशव्या काही दिवस ओल्या होतच राहिल्या. भाजी कोरडी, तरी वाटीत चमचाभर पाणी. एक दिवस भरलेला डबा दहा मिनिटांनी परत उघडून बघितला. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब. तेच, ताटावरच्या पाण्याचं काम आता डब्याचं झाकण करत होतं. मी लंगडीतून उतरवलेली गरम भाजी सरळ वाटीत भरून झाकण दाबत होते.

आता भाजी उतरवली की मोठ्या परातीत पातळ पसरते, पंख्याखाली दहा-बारा मिनिटं, मधून एकदा वरखाली करून. हाताला कोमट लागली की वाट्या भरते. यापेक्षा जास्त वेळ उघडी ठेवत नाही. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ ला जातो, अशा उकाड्यात शिजलेलं अन्न तासाभराच्या वर बाहेर ठेवणं बरं नाही, म्हणून अकराला भाजी परातीत, सव्वाअकराला डबे बंद, आणि साडेअकराला पोरगा सायकलवर निघालेला असतो.